२० सीसीचं पेट्रोल इंजिन हाती आहे : क्युरारे बांधावं की क्विक फ्लाय?

वावरवाला (दारव्हा)

इंजिन आधी आलं, विमान नंतर शोधतोय. एका सिलिंडरचं, २० सीसी, पेट्रोलवर चालणारं. आमच्या टोळीत एकच घोषा चाललाय : क्युरारे बांध. मोठं इंजिन आहे, जुनं कसरतीचं रिमोटवालं विमान बांधायचं ठरलंय, मग १९७७ चं जगज्जेतं सोडून दुसरीकडे कशाला पाहायचं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. क्युरारेत खोट नाही, पण या इंजिनाशी त्याचं जमणार नाही, आणि आपल्या वावराशी तर नाहीच.

ज्यांना नावं नवी आहेत त्यांच्यासाठी सांगतो. ऑस्ट्रियाच्या हान्नो प्रेटनरने १९७७ साली अमेरिकेत, ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला क्युरारे उडवून विश्वविजेतेपद घेतलं. मागे झुकलेले पंख, टोकाकडे खाली उतरणारी शेपटी, उडताना पंखात दुमडणारी चाकं, लांबलचक ट्यून्ड पाइप (इंजिनाची ताकद वाढवणारी धुराची नळी). तेव्हा स्पर्धेत १० सीसीच्या वरचं इंजिन चालत नसे. त्यामुळे सगळी अक्कल एकाच गोष्टीत खर्ची पडली : त्या १० सीसीला जास्तीत जास्त फेरे घ्यायला लावायचे आणि विमान गोळीसारखं पळवायचं.

आता आकडे पाहा. ११ बाय ८ चा प्रॉप, म्हणजे ११ इंच व्यासाचा आणि एका फेरीत ८ इंच पुढे नेणारा (हीच त्याची पिच) पंखा, मिनिटाला १४ हजार फेऱ्यांनी फिरला, तर नुसत्या पिचच्या हिशेबाने वेग निघतो ताशी १७० किलोमीटर. माझं इंजिन १६ बाय ८ चा प्रॉप ८ हजारांच्या आसपास फिरवणार. पिच तेवढीच, वेग मात्र ताशी ९७. ओढ दांडगी, धाव कमी. धावेसाठी आखलेल्या विमानाला मी असं इंजिन का लावू?

दुसरी अडचण पायांची, म्हणजे चाकांच्या दांड्यांची. इंजिन दुप्पट झालं म्हणून विमान घनमुळाच्या हिशेबाने मोठं करू, म्हणजे १.२६ पट. पाच फुटांचे पंख सव्वासहा फुटांवर जातील. पण ११ इंची प्रॉपचे १.२६ पट होतात १४ इंच, आणि मला लागतात १६. म्हणजे नकाशा मोठा केला तरी प्रॉप जमिनीला लागू नये म्हणून पाय आणखी उंच करावेच लागणार. उंच पाय, तेही पंखात दुमडणारे, आणि खाली काळी माती!

म्हणून माझं मत क्विक फ्लायला. फिल क्राफ्टने १९६७ मध्ये कॉर्सिकात ज्या विमानावर विजेतेपद मिळवलं ते. चाकं कायमची बाहेर, अंगाने साधं, प्रेटनरच्या काळातली घाई त्यात नाही. हेच १.२६ पट करून बांधावं म्हणतो. ज्यांना पटत नाही त्यांनी बोला.

निळी वही (अमरावती)

भाऊ, गणित बरोबर आहे, पण तुम्ही प्रॉप आपल्या सोयीचा निवडला. १६ बाय ८ च का? त्याच इंजिनावर १४ बाय १० चढवा. साडेआठ हजार फेऱ्यांना पिचचा वेग होतो ताशी १३० च्या घरात. क्युरारेसाठी एवढा पुरे. शिवाय १४ इंची प्रॉप घेतला की तुमचा पायांचा मुद्दाही निकालात निघतो. १.२६ पट म्हणजे नेमके १४ च, तुम्हीच लिहिलंय.

खरा प्रश्न वेगळा आहे. जुनं विमान बांधायचं ते कशासाठी? त्या काळी एक कसरत झाली की विमान दूर जायचं, वळायचं, पुन्हा समोरून लांब रेषेत यायचं आणि मग पुढची कसरत. मोठे, रुंद, संथ दिसणारे गोल. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सलग कसरतींची पद्धत आली, सगळं एका चौकटीत आवरायचं ठरलं आणि विमानं जाड नि हळू होत गेली. क्युरारे त्या आधीच्या जमान्याचं शिखर आहे. त्या उड्डाणाला लागते मोकळी जागा, आणि ती कुठे आहे तर आपल्याकडे. पुण्या-मुंबईचे लोक एवढ्या जागेसाठी तासन् तास गाडी हाकतात. आपण सोयाबीन निघालं की धुऱ्यावर उभं राहायचं, समोर मैलभर काही नाही.

क्विक फ्लायवर २० सीसी लावून तुम्हाला मिळेल एक आज्ञाधारक मोठं विमान. तेवढंच हवं असेल तर मग जुन्या नावांचा खटाटोप कशाला?

पऱ्हाटी

कायचं क्युरारे अन् कायचं क्विक फ्लाय राजेहो! तुमी दोघंई कागदावर उडवून रायले. वावरात तुरीची धसकटं रायतेत, उन्हाळ्यात भेगा अशा का चाक त चाक, माणसाचा पाय जाते. पावसाळ्यात तेच चाक चिखलानं भरून विमानापेक्षा भारी होते. तिथं दुमडनारे पाय लावशीन त पयल्याच उतरनीत पंखासकट उपटून येतीन.

मी त म्हन्तो अग्ली स्टिक बांध. चौकोनी डबा, सरका पंख, मोठे चाकं. क्लासिक पायजे ना? मंग तेई त्याच फिल क्राफ्टनं काढलेलं हाय, परदेशातून आनाची गरज नाई. बोर्डवाल्याकडून सनपॅक (बोर्डाचा पोकळ प्लास्टिकचा पत्रा) आन, पंखाले थर्माकोल, मधात अल्युमिनियमचा पाइप. मोडलं त सांजच्याले पुन्हा तयार. बाल्साच्या हलक्या लाकडाची एक शीट मोडली त तुले रडू येईन, सनपॅकचं कोनाले येत नाई.

चरख्याजवळची (वर्धा)

पऱ्हाटीदादा, सनपॅकला २० सीसीचं पेट्रोल इंजिन? एका सिलिंडरचं इंजिन जो हादरा देतं त्यात सनपॅकमध्ये स्क्रू धरत नाहीत. फायरवॉल, म्हणजे इंजिन बसतं ती पुढची भिंत, प्लायचीच लागेल आणि तिच्यामागे निदान पंखापर्यंत लाकडी पेटी. मग सनपॅक उरलं कुठे? नुसत्या शेपटीला.

निळी वही यांच्या मोकळ्या आभाळाबद्दल बोलायचंय. आभाळ मोकळं आहे, पण ते वरपर्यंत आपलं नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या पट्ट्यातही (जिथे एरवी परवानगी लागत नाही) ४०० फुटांच्या वर, म्हणजे साधारण १२० मीटरच्या पुढे, परवानगीशिवाय जाता येत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात तर २०० फूटच. अमरावतीकरांनी बेलोरा लक्षात ठेवावं, तिथे २०२५ पासून प्रवासी विमानं उतरतात.

आता ताशी १७० ने येणारं विमान गोलात घाला. केंद्राकडे चार जी, म्हणजे गुरुत्वाच्या चौपट, इतकं ओढलं तरी गोलाचा व्यास ११० मीटरच्या वर जातो. खालची रेषा जमिनीपासून १५ मीटरवर धरली की वरचं टोक मर्यादेबाहेर. तुमच्या १३० च्या वेगाला व्यास साधारण ६६ मीटर, तो बसतो. पण मग तो 'मोठा, रुंद' गोल राहिला कुठे? ज्या उड्डाणासाठी तुम्ही क्युरारे मागताय, ते उड्डाणच इथे करता येत नाही. वावरवाला यांनी हा मुद्दा मांडलाच नाही, त्यांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच होता.

वावरवाला

ताई, तुमचा मुद्दा माझ्या खात्यात जमा करून घेतो.

निळी वही, १४ बाय १० लावून क्युरारे पळेल, मान्य. पण तो प्रॉप उभ्या चढाईत हातपाय गाळतो. जास्त पिच, कमी व्यास : सरळ रेषेत छान, वर तोंड केलं की दमला. पेट्रोल इंजिनाचा एकच खरा गुण म्हणजे मोठा प्रॉप हळू फिरवून ओढ देणं. तोच काढून घ्यायचा तर १० सीसीचं मिथेनॉलवर चालणारं ग्लो इंजिन काय वाईट होतं? वजनाने हलकं, आणि क्युरारेच्या अरुंद नाकात नीट बसणारं. माझ्या इंजिनाला इग्निशनचं खोकं आहे, त्याची बॅटरी आहे, आडवा मफलर आहे. नाकाला भोकं पाडत बसावं लागेल.

निळी वही

ग्लोचं नाव काढलंत म्हणून सांगतो. मिथेनॉल गावात मिळवून दाखवा. विषारी द्रव्य म्हणून दुकानदार कागद मागतो, आणि ते बरोबरच आहे. मिळालं तरी ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त जळतं, वर त्यात मिसळलेल्या एरंडेलाचा थर सगळ्या विमानावर. २० सीसीचं पेट्रोल इंजिन घेणारा माणूस या कटकटीतून सुटायलाच ते घेतो. म्हणून प्रश्न 'क्युरारेला कोणतं इंजिन' असा नाहीच. 'पेट्रोलवर उडणारं क्युरारे कसं करायचं' असा आहे.

पंपाशेजारी

पेट्रोलने सुटका होते हा गोड समज आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि या छोट्या कार्ब्युरेटरचा पातळ पडदा कडक करतं. रविवारी उडवून पुढच्या रविवारपर्यंत टाकीत तसंच ठेवलं की इंजिन रुसतं. उडवून झालं की टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. तेलही असं घ्या की जे इथेनॉलमध्ये नीट मिसळतं. विमान कोणतंही बांधा, याला सुट्टी नाही.

शांत आकाश

इलेक्ट्रिक लावा आणि मोकळे व्हा. आवाज नाही, हादरा नाही, शेजारच्या वावरातले बैल बुजत नाहीत.

पऱ्हाटी

अन् लोडशेडिंगात चार्ज कायनं करू भाऊ, चुलीनं?

चरख्याजवळची (वर्धा)

उन्हाचा हिशेब कोणीच केला नाही. इंजिनाच्या कागदावरचे आकडे थंड हवेचे असतात. १५ अंश आणि समुद्रसपाटी धरली, तर मे महिन्यात ४५ अंशाला, आपल्या ३०० मीटर उंचीवर हवा साडेबारा टक्के विरळ होते. इंजिनाची ताकद जवळपास तेवढ्याने उतरते आणि ज्या वेगाखाली विमान हवेतून गळून पडतं तो वेग सात टक्क्यांनी वाढतो. म्हणजे उतरताना जास्त वेग, तोही भेगाळलेल्या जमिनीवर.

त्यात विमान मोठं करताना होणारी वजनवाढ मिळवा. १.२६ पट केलं की पंखाचं क्षेत्रफळ १.५९ पट होतं आणि वजन, सगळंच त्या प्रमाणात जाड केलं तर, दुप्पट. प्रत्येक चौरस इंचावर सव्वापट भार. म्हणून नकाशा मोठा करा, लाकडाची जाडी नको. ३ मिलिमीटरच्या जागी ३ च ठेवा, फक्त फायरवॉल आणि पायांच्या मुळाशी वाढवा. साडेपाच किलोत आवरलं तर क्विक फ्लाय इथे सकाळी आठपर्यंत आरामात उडेल. क्युरारे एवढ्यात आवरणं मला कठीण दिसतं. रिट्रॅक्टच्या (चाकं आत दुमडणाऱ्या) यंत्रणेचं आणि तिच्याभोवतीच्या मजबुतीचं वजन कुठून वाचवणार?

निळी वही

रिट्रॅक्ट काढून टाकतो. झालं समाधान? पाय कायमचे बाहेर ठेवलेलं क्युरारेही क्युरारेच असतं. झुकलेले पंख आणि ती उतरती शेपटी राहिली म्हणजे बास. वळताना नाक न डोलवता रेषेत राहतं ते त्या आखणीमुळे, चाकं दुमडतात म्हणून नव्हे. १२० मीटरची मर्यादा मी मान्य करतो, गोल लहान काढीन. पण विमान डोळ्यांना आवडलं पाहिजे, भाऊ. हिवाळाभर रात्री जागून जे बांधायचं ते केवळ हिशेबात बसतं म्हणून बांधणं माझ्याच्याने होणार नाही.

वावरवाला

हे मात्र प्रामाणिक बोललात. डोळ्यांना आवडण्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मला स्वतःला क्विक फ्लायचं साधं अंग आवडतं, पण ती आवड हिशेबानंतर आली की आधी, ते सोडा.

माझं ठरलं. सीताबर्डीत प्लॉटरवर नकाशा १२६ टक्क्यांनी छापून घेतो. पंखाचा गाभा थर्माकोलचा, वर पातळ व्हिनिअर. नाक दीड इंच आखूड करणार, कारण इंजिन आणि इग्निशन मिळून १० सीसीपेक्षा बरंच जड आहे आणि तोल साधायला शेपटीत शिसं भरायची माझी तयारी नाही. चाकं पाच इंची. इग्निशन बंद करायचं वेगळं स्विच रिसीव्हरवर, ते नसेल तर १६ इंची प्रॉपजवळ मी कोणाला उभं राहू देणार नाही.

पऱ्हाटी

पाच इंची चाकं बरोबर हाय. पन समोरचा पाय? तीन चाकी ठेवशीन त समोरचाच आधी वाकते. मांगचं चाक शेपटीले दे अन् मोठे दोन पाय पंखाच्या समोर घे. मंग नांगरलेल्या वावरातई उतरशीन.

निळी वही

पाहा, आता क्विक फ्लायचंही समोरचं चाक गेलं. मला रिट्रॅक्ट काढल्यावर बोलत होतात!

वावरवाला

गेलेलं नाही. वखरलेली पट्टी शंभर मीटरची आहे, रोलर फिरवून घेतला की समोरचं चाक टिकतं. पऱ्हाटीभाऊ, शेपटीला चाक दिलं की पेट्रोल इंजिनाचा जड नाकाडा ब्रेक लागल्यासारखा पुढे आपटतो, मग १६ इंची प्रॉप कोण विकत घेऊन देणार, तुम्ही?

पऱ्हाटी

घेऊन देतो. पन पट्टी वखराले ट्रॅक्टर माया नेजो, डिझेल तुया.