मदत हवी आहे : सोशल मीडियाची सगळी खाती एका डॅशबोर्डवरून चालवायची आहेत, पोस्ट भलत्याच वेळी जातेय

काजूबोंडं | सोमवार, रात्री १०.१०
नमस्कार. घाई आहे म्हणून थेट विचारते. सगळी खाती एकाच जागेवरून चालवता यावीत म्हणून एक टूल घेतलंय. पंधरा दिवस फुकट होतं, त्यातले नऊ गेले. आज सकाळी नऊला लावलेली पोस्ट आत्ता रात्री साडेनऊला गेली! एका खात्यावर तर गेलीच नाही, नुसता लाल त्रिकोण दिसतोय. आणि शनिवारी आंब्याची पोस्ट होमस्टेच्या खात्यावर पडली. दोन पाहुण्यांचे फोन आले, खोलीबरोबर पेटी मिळणार का म्हणून. सासूबाईंची त्यांना समजावता समजावता पुरेवाट झाली.
बुधवारी पहिल्या साठ पेट्या निघतायत. त्याआधी हे मार्गी लागायला हवं. दुसरं चांगलं टूल कोणतं, एवढंच सांगा.

जुना_संपादक | रात्री १०.२२
ताई, टूल कोणतं? खाती किती आणि कुठली? इन्स्टाग्रामची खाती साधी आहेत की प्रोफेशनल? फोनवरून करता की कॉम्प्युटरवरून? हे कळल्याशिवाय कुणीही काहीही सांगेल.

पेठेतला_पोस्टमन | रात्री १०.२५
कुठलंच टूल घेऊ नका. फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या मेटा कंपनीचं बिझनेस सूट वापरा. फुकट आहे, फेसबुकची पानं आणि इन्स्टाग्राम दोन्ही त्यात येतात, पोस्ट, रील, स्टोरी सगळं वेळ लावून ठेवता येतं, मेसेजही एकाच इनबॉक्समध्ये दिसतात. मी चार दुकानांचं काम त्यावरच करतो. पैसे देऊन तिसऱ्याच्या दारातून आत जायचं कशाला?

काजूबोंडं | रात्री १०.४१
टूलचं नाव घेत नाही. चूक त्यांची की माझी तेच अजून कळलेलं नाही.
खाती : दिरांचा आंबा-काजू, सासूबाईंचा वेळणेश्वरचा होमस्टे, मैत्रिणीचं शिवणकाम आणि आमच्या गावचं नाट्यमंडळ. चौघांचं इन्स्टा आहे, तिघांचं फेसबुक, मंडळाचं यूट्यूब. सगळं फोनवरूनच करते. साधी की प्रोफेशनल ते बघावं लागेल.

कोष्टक_काका | रात्री १०.५०
आठ खात्यांना टूल लागत नाही. गूगल शीटवर एक तक्ता करा : तारीख, वेळ, खातं, मजकूर, फोटो, झालं की टिचकी. फोनला गजर लावा आणि हाताने टाका. इन्स्टाग्रामच्या अ‍ॅपमध्ये एका वेळी पाच खाती राहतात, तुमची चारच आहेत. गेली सहा वर्षं मी असंच करतोय, एकदाही पोस्ट चुकीच्या खात्यावर गेलेली नाही.

पेठेतला_पोस्टमन | रात्री १०.५५
काका, तुम्ही निवृत्त आहात. ताईंनी पेट्या भरायच्या की गजर वाजला म्हणून हात धुवून फोन धरायचा?

कोष्टक_काका | रात्री ११.०२
निवृत्तीचा काय संबंध? हाताने टाकलं की आपण मजकूर एकदा डोळ्यांखालून घालतो. शनिवारची चूक तिथेच सापडली असती.

बदलापूर_लोकल | रात्री ११.१५
मराठी मजकूर श्रीलिपीतून (जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधून) उचलून चिकटवलात का? मग डबे नाहीतर भलतीच अक्षरं दिसतात. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. आमच्या मंडळाच्या अहवालात हाच घोळ झाला होता. आणि एक्सवर (जुन्या ट्विटरवर) टाकत असाल तर मर्यादा २८० चिन्हांची आहे, त्यात मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण सगळं वेगळं मोजलं जातं. 'श्री' एकटाच चार जागा खातो.

काजूबोंडं | रात्री ११.२०
अक्षरं नीट दिसतायत. एक्सवर आमचं कुणीच नाही. वेळेचं काय करू ते सांगा हो कुणीतरी.

सॅनहोजेकर | रात्री ११.३४
वेळेचं मी सांगतो. मी कॅलिफोर्नियात राहतो. रोज सकाळी नऊला ऑफिसला निघताना आईला ठाण्याला फोन करतो, तेव्हा तिकडे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात आणि ती जेवणाचं आवरत असते. तुमची पोस्ट अगदी त्याच ठोक्याला गेली. साडेबारा तासांचा फरक म्हणजे तुमचं टूल आमच्या घड्याळावर चाललंय. सेटिंगमध्ये टाइम झोन बघा. पॅसिफिक किंवा लॉस एंजलिस असं काहीतरी दिसेल, त्याजागी कोलकाता निवडा. भारताची वेळ यादीत त्याच नावाने असते. काही टूलमध्ये प्रत्येक खात्याचा टाइम झोन वेगळा असतो, तेव्हा एकेक उघडून तपासा. आधी लावून ठेवलेल्या पोस्टच्या वेळाही पुन्हा बघा, त्या आपोआप सरकतीलच असं नाही.

काजूबोंडं | रात्री ११.४७
लॉस एंजलिसच आहे!! जोडलेल्या सगळ्या खात्यांना. बदलते आत्ता.

जुना_संपादक | रात्री ११.५०
छान. आता त्या लाल त्रिकोणावर बोट ठेवा आणि काय लिहून येतं ते जसंच्या तसं इथे टाका.

काजूबोंडं | रात्री ११.५८
आंब्याच्या इन्स्टाला आहे तो. 'परवानगी संपली, खातं पुन्हा जोडा.' पण पुन्हा जोडायला गेलं की पासवर्ड चुकीचा म्हणतं. माझ्या वहीत लिहिलाय तोच टाकतेय.

जुना_संपादक | मंगळवार, रात्री १२.०४
तो पासवर्ड आणखी कुणाकडे आहे?

काजूबोंडं | सकाळी ६.४०
भाच्याकडे. पुण्याला शिकायला असतो, रील तोच करून देतो. आत्ता त्याला उठवून विचारलं. गुरुवारी त्याला 'अनोळखी ठिकाणाहून लॉगिन' असा इशारा आला म्हणून त्याने पासवर्ड बदलला आणि मला सांगायचं राहिलं. ते अनोळखी ठिकाण म्हणजे देवरुख, मीच होते.

जुना_संपादक | सकाळी ७.१५
तेच झालंय. टूलला आपण पासवर्ड देत नाही, परवानगी देतो. आपण फेसबुक-इन्स्टाग्रामच्याच पानावर लॉगिन करून 'हो' म्हणतो आणि टूलला एक किल्ली मिळते. पासवर्ड बदलला की ती किल्ली बाद होते. आता नवा पासवर्ड घेऊन खातं पुन्हा जोडा.
पण खरा प्रश्न पुढे आहे. भाच्याला पासवर्ड देऊच नका. फेसबुकच्या पानावर त्याला त्याच्या स्वतःच्या खात्यातून कामापुरता प्रवेश देता येतो. यूट्यूबलाही स्टुडिओच्या सेटिंगमध्ये परवानग्यांचा भाग आहे, तिथे त्याला संपादक करा, मालकी आपल्याकडे ठेवा.
हे कळकळीने सांगतोय. आमच्या वाचनालयाचं फेसबुक पान एका उत्साही मुलाने स्वतःच्या प्रोफाइलवरून सुरू केलं. अ‍ॅडमिन तो एकटाच. त्याला नोकरी लागली, फोन बदलला, प्रोफाइल बंद पडलं. अकरा वर्षांचे व्याख्यानांचे फोटो होते त्या पानावर. पान आजही लोकांना दिसतं, पण आम्हाला त्यावर एक ओळ लिहिता येत नाही. तुमच्या तिन्ही पानांना पूर्ण अधिकाराची किमान दोन माणसं आहेत का, आजच बघा.

चेन्नई_रिटर्न | सकाळी ८.०५
टूल बदलायचंच असेल तर झोहो सोशल बघा. चेन्नईची कंपनी, पैसे रुपयांत भरता येतात, परदेशी कार्डाची कटकट नाही. मुख्य म्हणजे त्यात प्रत्येक धंद्याचा 'ब्रँड' वेगळा असतो. आंबा उघडलात की होमस्टे समोर येतच नाही. शनिवारची चूक तिथे झाली नसती.

पेठेतला_पोस्टमन | सकाळी ८.२०
पुन्हा पैसे! बाहेरच्या टूलवरून टाकलेली पोस्ट कमी लोकांना दिसते, हे सगळ्यांना माहीत आहे.

चेन्नई_रिटर्न | सकाळी ८.३१
मी महिनाभर एकाच खात्यावर एक दिवस हाताने, एक दिवस टूलवरून टाकून पाहिलं. मला फरक दिसला नाही. टूलवरून टाकणारे लोक टाकून देतात आणि नंतर उत्तरं द्यायला येत नाहीत, म्हणून पोस्ट मागे पडते. दोष तिथे आहे. आणि यूट्यूब तुमच्या सूटमध्ये येतं का?

पेठेतला_पोस्टमन | सकाळी ८.३३
यूट्यूब नाही येत. त्यांच्या स्टुडिओतून वेळ लावता येते की.

चेन्नई_रिटर्न | सकाळी ८.३५
म्हणजे दोन जागा झाल्या. ताईंना एक हवी होती.

आजरा_घनसाळ | सकाळी ९.१०
फुकटात बफर नावाचं टूल आहे, पण तीनच खाती जोडता येतात आणि प्रत्येकाच्या रांगेत दहा पोस्ट. आठ खात्यांना पुरणार नाही. हूटसूटची फुकट योजना २०२३ मध्येच बंद झाली, जुने लेख वाचून तिकडे जाऊ नका.

काजूबोंडं | सकाळी ९.२५
आजची आंब्याची पोस्ट बरोबर नऊला गेली. पुन्हा जोडल्यावर इन्स्टालाही गेली. सॅनहोजेकर दादा, जुना_संपादक काका, मनापासून आभार.
शनिवारचं कारणही आत्ता सापडलं. टूलमध्ये खाती छोट्या गोल फोटोंनी दिसतात, नावं नसतात. आंब्याला आणि होमस्टेला मी एकच फोटो ठेवला होता, आमच्या अंगणातल्या मोहोर आलेल्या कलमाचा. फोनवर ते गोल हरभऱ्याएवढे दिसतात. आधी टिचकी मारलेलं खातं तसंच निवडलेलं राहतं, ते मी बघितलंच नाही. आता होमस्टेला घराच्या पडवीचा फोटो लावलाय.
अजून दोन अडचणी. मंडळाचं इन्स्टा टूलला जोडलंच जात नाही, म्हणून ते पहिल्यापासून हातानेच टाकतेय (आधी सांगायला विसरले). आणि मुंबईतल्या सोसायट्यांच्या फेसबुक ग्रुपवर पोस्ट जात नाही. निम्म्या पेट्या तिथून जातात.

आजरा_घनसाळ | सकाळी ९.४०
ग्रुपचा नाद सोडा. मेटाने एप्रिल २०२४ मध्ये बाहेरच्या टूलना ग्रुपचं दार बंद केलं. वैयक्तिक प्रोफाइलचं तर २०१८ पासून बंद आहे. ग्रुपवर हातानेच टाकावं लागेल.

कोष्टक_काका | सकाळी ९.४८
म्हणूनच तक्ता म्हणत होतो.

कोलाज_कोल्हापूर | सकाळी १०.०५
मंडळाचं खातं साधं असणार, आणि बहुतेक प्रायव्हेटही. टूलला प्रोफेशनल खातंच जोडता येतं. सेटिंगमधून बदला, पैसे लागत नाहीत. पण प्रोफेशनल केलं की खातं प्रायव्हेट ठेवता येत नाही, हे मंडळातल्या सगळ्यांना आधी सांगा. तालमीचे फोटो असतील तर मुलींना विचारल्याशिवाय बदलू नका.
आणि प्रकार निवडताना 'बिझनेस' नको, 'क्रिएटर' निवडा. बिझनेसला इन्स्टाग्रामच्या संग्रहातली बरीचशी गाणी मिळत नाहीत. आमच्या नृत्यवर्गाने बिझनेस केलं आणि दुसऱ्या दिवशी रीलला गाणं सापडेना. टूलवरून रील टाकताना तर तो संग्रह वापरताच येत नाही, गाणं आधीच व्हिडिओत असावं लागतं. त्यामुळे गाण्याची रील अ‍ॅपमधूनच टाका. प्रोफेशनल खात्याला इन्स्टाग्रामच्या अ‍ॅपमध्येही ७५ दिवस पुढची वेळ लावता येते.

काजूबोंडं | सकाळी १०.३०
प्रायव्हेटच आहे. मागे एका मुलीच्या फोटोवर कुणी घाणेरडं लिहिलं होतं म्हणून बंद केलं होतं. हे मी एकटी ठरवणार नाही. रविवारी मंडळाची बैठक आहे, तिथे विचारते. तोवर हाताने.

हापूसप्रेमी_ठाणे | सकाळी ११.००
पाच डझनाची पेटी कितीला? देवगड आहे की रत्नागिरी?

किल्ल्याखालचा_देवगडकर | सकाळी ११.१२
देवगडची सर दुसऱ्याला नाही.

काजूबोंडं | सकाळी ११.२०
संगमेश्वर तालुका. २०१८ चं हापूसचं भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाचही जिल्ह्यांचं आहे. आमचा आंबा अढीत पिकवलेला असतो. कातळावरच्या कलमाचा आंबा एकदा खा आणि मग बोला. भाव व्यनितून (खासगी निरोपातून) सांगते.

संपादक मंडळ | सकाळी ११.३०
आंब्यासाठी वेगळा धागा काढावा. इथे विषयाला धरून लिहा.

वाशीचा_व्यापारी | दुपारी १.१५
व्हॉट्सअ‍ॅपचं कुणी बोललंच नाही. ऑर्डरी तर तिथूनच येतात. ताई, स्टेटस तुमच्या टूलमधून जाणार नाही, ते फोनवरूनच टाका. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ माणसं बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी घाला, 'हा नंबर सेव्ह करा'. आम्ही दोन हंगाम हेच करतोय. पुढच्या वर्षी जाहिरात करायच्या आधीच मागणी येते.

काजूबोंडं | दुपारी १.४०
चिठ्ठीचं पटलं. साठ चिठ्ठ्या आज रात्रीच लिहायला घेते, मुलं आहेत मदतीला.

काजूबोंडं | बुधवार, सकाळी ९.२०
पेट्या पहाटे गाडीत चढल्या, पोस्ट नऊला गेली, होमस्टेवर काही पडलं नाही.
जुना_संपादक काका, तुम्ही सांगितलंत तसं काल तिन्ही पानं तपासली. शिवणकामाच्या पानाला भाचा एकटाच अ‍ॅडमिन निघाला. मैत्रिणीचं स्वतःचं पान, आणि तिचं नावच त्यात नव्हतं! ती आठ वर्षं मशीनवर बसून हे उभं करतेय. काल रात्री भाच्याला फोनवर धरून तिला पूर्ण अधिकार द्यायला लावले, मग माझंही नाव घातलं. त्याला कामापुरता प्रवेश ठेवलाय, तो बिचारा स्वतःच म्हणाला की असंच बरं.
फुकट मुदत संपेपर्यंत हेच टूल ठेवते. पुढे आंबा आणि होमस्टे दोनच टूलवर, बाकीच्यांचं मेटाच्या सूटमधून आणि हाताने. आठही खाती एका खिडकीत नकोत, ते मला झेपत नाही.

सॅनहोजेकर | सकाळी ९.४१
नऊच्या ठोक्याला गेली ते वाचून बरं वाटलं. एक पेटी ठाण्याला आईकडे पाठवता येईल का? ती तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, वरपर्यंत कुणी आणून देईल ना?

काजूबोंडं | सकाळी ९.५०
शुक्रवारच्या गाडीत घालते. पत्ता व्यनि करा. वरपर्यंत न्यायला गाडीवाल्याला सांगून ठेवते.