४० एक्स्टेंशनसाठी कामाइलिओ नको
महापेच्या ऑफिसातल्या फोन सिस्टीमच्या ४० एक्स्टेंशनसाठी (आतल्या फोन नंबरांसाठी) तुम्ही कामाइलिओ हे सॉफ्टवेअर म्हणताय, पण तो मुळात सिप प्रॉक्सी आहे, म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडण्याचे सिप संदेश पुढे पोचवणारा. व्हॉइसमेल, कॉल क्यू (कॉलची रांग) त्यात नाहीत. सरळ ॲस्टेरिस्क हे फोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर घ्या, ब्राउझरमधून सेटिंग हवं असेल तर त्याच्यावर फ्रीपीबीएक्स. जुने लेख बघून चॅन-सिप हे ॲस्टेरिस्कचं जुनं सिप मॉड्यूल लावू नका, ॲस्टेरिस्कच्या आवृत्ती २१ पासून ते काढूनच टाकलंय, त्याऐवजी नवं पीजेसिप वापरा.

घरून जोडणाऱ्यांना एकाच बाजूचा आवाज येतो तो बहुतेक वेळा नॅटमुळे (राउटर आतले आयपी पत्ते बाहेरच्या पत्त्यामागे लपवतो त्यामुळे). पीजेसिपच्या सेटिंगमध्ये एक्स्टर्नल मीडिया ॲड्रेस (बाहेरचा आयपी) आणि लोकल नेट (ऑफिसातलं नेटवर्क) भरा, डायरेक्ट मीडिया (फोन ते फोन थेट आवाज) बंद ठेवा, राउटरवर आरटीपीचे, म्हणजे आवाज वाहून नेणारे, यूडीपी पोर्ट १०००० ते २०००० सर्व्हरकडे वळवा, राउटरमधलं सिप एएलजी (सिप संदेशांत बदल करणारी सोय) बंद करा. ऑफिसचं ब्रॉडबँड सीजीनॅटमागे असेल (कंपनी एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटत असेल) तर पोर्ट वळवणं चालणार नाही, स्टॅटिक पब्लिक आयपी घ्याच. आणि कृपा करून सिपचा ५०६० पोर्ट सगळ्यांना उघडा ठेवू नका: पासवर्ड फोडून रातोरात परदेशी कॉल लावले जातात.