दुकानाची सजावट : 15 ऑगस्टचं सामान 17 सप्टेंबरलाही चालेल असं कसं करावं?

गोलाईकर (लातूर)

नमस्कार मंडळी. इथल्या गंजगोलाई बाजारपेठेजवळ भांड्यांचं दुकान आहे. दर्शनी भाग 24 फूट, दहा-दहा फुटांची दोन शटर, वर सज्जा, सज्जाला तीन फूट उंच लोखंडी कठडा आणि त्यावर गच्ची. 15 ऑगस्टला सजवायचंय, पण तेच सामान 17 सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, आणि पुढं 26 जानेवारी, 1 मेलाही निघावं.

सध्याचा बेत असा : कठड्याला ओळीनं सहा तिरंगे, शटरवर प्लास्टिकच्या तिरंगी पताकांच्या माळा, दारात झेंड्याची रांगोळी आणि 10 बाय 3 चा फ्लेक्स. फ्लेक्सवर मागं तिरंगा, मधे दुकानाचं नाव, खाली 'स्टीलवर 15 टक्के सूट'. रात्री लायटिंग. गच्चीवर वीस फुटी पाइप उभा करून मोठा झेंडा लावायचाही विचार आहे. समोरून विजेच्या तारा गेल्यात. सगळं 10-12 हजारांत बसवायचंय. कापड किती लागंल, काय चुकू शकतं, जाणकारांनी सांगावं.

खादीवाला (नांदेड)

गोलाईकर, यादीतलं निम्मं आधी खोडा. खर्च तिथंच खाली येतो.

सहा तिरंगे ओळीनं लावणं म्हणजे झेंड्याची पताका करणं. ध्वजसंहिता 2002 मध्ये राष्ट्रध्वज तोरण, पताका किंवा कुठल्याही सजावटीसाठी वापरू नये असं स्पष्ट आहे. झेंडा एकच घ्या, चांगला घ्या, मानाच्या जागी लावा. सजावट रंगांची करा, झेंड्याची नको.

प्लास्टिकचे झेंडे तर 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहेत. फुग्यांच्या प्लास्टिक काड्या, सजावटीचा थर्माकोल आणि 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरही त्याच यादीत आहेत. दुकानदार 'चालतंय हो' म्हणून विकायलेत, पण महानगरपालिकेचं पथक आलं की ते झेंडे लावणाऱ्याला दंड होतो.

रांगोळी काढा, पण झेंडा काढू नका. भांड्यांच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाईक चालणार, म्हणजे अशोकचक्रावर चपला. फुलांची वेल किंवा ठिपक्यांची रांगोळी तीन रंगांत भरा, तीही पायरीच्या कडेला.

आता झेंडा घेताना काय बघायचं ते. लांबी-रुंदी 3:2 हवी. बाजारात 30 बाय 18, 36 बाय 20 इंच असं काहीही मिळतं, म्हणून टेप घेऊन जा. तुमच्या सज्जाला 900 बाय 600 मिमीचा, म्हणजे ढोबळ मानानं तीन बाय दोन फुटांचा, पुरे. त्या मापाला चक्राचा व्यास 185 मिमी येतो आणि प्रत्येक पट्टा 200 मिमीचा. चक्राचे आरे मोजाच, 24 पाहिजेत. स्वस्त छपाईत ते कमी भरतात, चक्र लांबट होतं, आणि उलट्या बाजूला चक्र सरकलेलं दिसतं. झेंडा उजेडासमोर धरला की दोन्ही बाजूंची चक्रं एकमेकांवर बसतात का ते लगेच कळतं.

कापडाचं म्हणाल तर ध्वजसंहितेच्या डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीनंतर पॉलिस्टर आणि यंत्रावरचं कापडही चालतं. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात खादी भिजून जड होते, वाळायला वेळ घेते, ओलीच घडी घातली की बुरशीचे काळे ठिपके पडतात. तरीही माझं मत खादीकडंच. आपल्या नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात, कापड उदगीरच्या केंद्रातलं. म्हणजे तुमच्याच जिल्ह्यातलं. ऐनवेळी गेलात तर हवं ते माप मिळेलच असं नाही, महिनाभर आधी विचारा.

मांडववाला (बीड)

कापडाचा हिशोब मी देतो. कठडा 24 फूट. झालर अंगभर चुण्यांची दिसायची तर कापड दुप्पट धरायचं, म्हणजे 48 फूट, साधारण 15 मीटर. 44 इंच पन्ह्याचा, म्हणजे रुंदीचा, टाफेटा (गुळगुळीत कापड) प्रत्येक रंगाचा 5 मीटर घ्या. तो उभा चिरून तीन पट्ट्या करा, प्रत्येकी साडेचौदा इंचांच्या, आणि टोकाला टोक जोडा. झाली 15 मीटरची पट्टी. दुमड जाऊन साडेतेरा इंच उरते. तीन रंग एकाखाली एक, दोन-दोन इंच एकावर एक चढवून शिवले की बरोबर तीन फुटांचा कठडा झाकतो. एकूण कापड 15 मीटर.

साटीन घेऊ नका, घडीच्या रेघा जात नाहीत. रंगीत सुती कापडही नको. पहिल्या सरीला हिरवा रंग पांढऱ्यात उतरतो आणि मग तो पांढरा कशालाच उपयोगी नाही. दुकानात उभं राहूनच तपासा : कोपरा पाण्यानं ओला करा, पांढऱ्या रुमालात दाबून धरा. रुमालाला रंग लागला तर ते कापड घेऊ नका. क्रेप कागदाच्या माळांचं तर विचारूच नका. त्यांचा रंग ओघळून दुकानाच्या पाटीवर उतरतो आणि भिंत रंगवायची वेळ येते.

खादीवाला (नांदेड)

मांडववाले, हिशोब पक्का आहे, पण केशरी-पांढरा-हिरवा एकाखाली एक 24 फूट लावला तर लांबून तो आडवा पसरलेला झेंडाच दिसतो. चक्र नसलं तरी. मग कठड्याला झेंडा गुंडाळला म्हणून कुणीतरी फोटो काढून टाकणारच. रंग शेजारी शेजारी घ्या की.

मांडववाला (बीड)

चालतंय, आणि कापड तेवढंच लागतं. उलट शिलाई कमी. कठड्याचे आठ-आठ फुटांचे तीन भाग करा. एका भागाला दुप्पट म्हणजे 16 फूट, म्हणजे 5 मीटरच. या वेळी कापड चिरायचं नाही, 44 इंचांचा पन्हाच उंची म्हणून वापरायचा. वर चार इंचांची दुमड नाडीसाठी, खाली चार इंचांची दुमड वजनासाठी, मधे तीन फूट उरतं. तिन्ही तुकडे वेगवेगळे राहतात, त्यामुळं धुवायला सोपे. 1 मेला फक्त केशरी लावायचं मनात आलं तर तेही जमतं.

बांधायला बाइंडिंग वायर वापरू नका. रात्रभर पाऊस झाला की सकाळी पांढऱ्या कापडावर गंजाचे तपकिरी ओघळ, आणि ते धुतल्यानं जात नाहीत. दर फुटाला कापडी बंद शिवून घ्या, 24 फुटांना 27 बंद लागतात कारण प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना बंद हवा. कठड्याच्या वरच्या दांडीला आधी जुन्या कापडाची पट्टी गुंडाळा, म्हणजे रंग उडालेल्या लोखंडाचा डाग थेट झालरीला लागत नाही.

शटरपासून झालर निदान एक फूट वर ठेवा. शटर वर जाताना लोंबणारं कापड पेटीत ओढलं जातं. मग ते कापूनच काढावं लागतं.

फुगे हवेच असतील तर शटरच्या आत, सावलीत. दहा इंची फुगे चार-चारच्या झुपक्यात बांधले तर 12 फुटांच्या कमानीला 72 लागतात, फुटणारे धरून 90 आणा. बाहेर उन्हात दुपारपर्यंत निम्मे जातात.

तारतंत्री (जालना)

गच्चीवरच्या वीस फुटी पाइपाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. तो बेत सोडा.

गोलाईच्या गल्ल्यांमध्ये तारा इमारतीला चिकटून गेल्यात. 11 केव्ही (11 हजार व्होल्ट) वाहिनी इमारतीपासून आडवी निदान 1.2 मीटर लांब असावी असा नियम आहे, पण ते अंतर इमारतीसाठी. वीस फुटांचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप उभा करताना तो आधी आडवा असतो, मग तिरपा होतो, आणि तोल गेला तर रस्त्याकडंच कलतो. म्हणजे जिथं खांब उभा करायचा तिथून तारेपर्यंतचं अंतर खांबाच्या लांबीपेक्षा जास्त पाहिजे. तुमच्याकडं एवढी जागा असणं अवघड. दरवर्षी याच दिवसांत खांब उभारताना माणसं दगावतात. बांबू घेतला तर चालेल असंही समजू नका, ओल्या बांबूतून वीज जाते.

लायटिंगचं बघा. तीन भाग आठ-आठ फुटांचे, म्हणजे प्रत्येक रंगाची एलईडी पट्टी अडीच मीटर. मीटरला साधारण 4.8 वॅटची पट्टी धरली तर तिन्ही मिळून 36 वॅट. 12 व्होल्ट 5 अँपिअरचा एसएमपीएस (घरची वीज 12 व्होल्टवर आणणारा डबा) पुरून उरतो. तीन पट्ट्यांना तीन वेगळ्या वायरी द्या. एकामागं एक जोडल्या तर शेवटची मंद जळते आणि झेंड्याच्या दिवशी नेमका हिरवाच फिका दिसतो. केशरीसाठी लाल पट्टी घेऊ नका, अंबर किंवा ऑरेंज मागा.

पट्टी सिलिकॉनची, पाण्याला चालणारी असली तरी कात्रीनं कापलेलं टोक उघडंच असतं. तिथं सिलिकॉन भरा. एसएमपीएस दुकानाच्या आत ठेवा. 230 व्होल्टची रंगीत माळ शटरच्या पेटीजवळून नेऊ नका. शटरची पट्टी वायरीची साल सोलते आणि अख्खं शटर करंट मारायला लागतं. सकाळी ओल्या पायांनी शटर उचलणाऱ्या पोराला ते कळतं. या जोडणीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच बंद पडणारा स्विच) असलाच पाहिजे.

पाटीछाप (छत्रपती संभाजीनगर)

फ्लेक्सबद्दल. झेंड्याचं चित्र आणि सूट एका बॅनरवर नको. 1950 चा बोधचिन्हे आणि नावे कायदा राष्ट्रध्वजाचा धंद्यासाठी वापर करू देत नाही. त्याच कायद्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधींची चित्रंही आहेत, हे पुष्कळ जणांना माहीत नसतं. अशोकस्तंभाला 2005 चा वेगळा कायदा आहे. शुभेच्छांचा बॅनर बाहेर, सवलतीची पाटी आत गल्ल्याजवळ. दोन्हींचा एकमेकांशी संबंध ठेवू नका.

तुमचं एकच सामान सगळ्या दिवसांना चालवायचं असेल तर बॅनरवर साल आणि 'कितवा' हे छापूच नका. दरवर्षी चुकीचे बॅनर त्यानंच होतात. तरीही छापायचंच असेल तर स्वातंत्र्यदिनाचा क्रमांक चालू सालातून 1946 वजा करून येतो, प्रजासत्ताक दिनाचा 1949 वजा करून. 17 सप्टेंबरला वर्धापनाचा आकडा 1948 वजा करून. मराठवाडा ज्यात होता ते हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948 ला भारतात आलं, त्यामुळं त्या दिवशी 1947 धरलं की लोक पाटीसमोरच हसतात. आणि 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन' असं पूर्ण लिहा, नुसतं 'मुक्ती दिन' नको.

10 बाय 3 चा कापडी बॅनर करून घ्या, फ्लेक्सपेक्षा महाग पण घडी घालून चारही दिवस चालतो. रिंगा दर दोन फुटांना, म्हणजे भोवतालच्या 26 फुटांना 13. एक इंची चौकोनी पाइपाच्या चौकटीवर ताणून बांधा. नुसता चार कोपऱ्यांवर बांधला तर वाऱ्यानं पोट फुगतं आणि आधी वरची कोपऱ्यातली रिंग फाटते. स्वतःच्या दर्शनी भिंतीपुरता असला तरी महानगरपालिकेत विचारून घ्या. रस्ता ओलांडून दोरी टाकायची किंवा विजेच्या खांबाला बांधायचं असेल तर परवानगीशिवाय हात लावू नका.

गोलाईकर (लातूर)

मंडळी, आभार. गच्चीचा खांब रद्द, सहा झेंडे रद्द. मग एक झेंडा कठड्याच्या मधोमध तिरक्या काठीवर लावला तर चालेल का? दुसरं, 17 सप्टेंबर बऱ्याचदा गणपतीत येतो. शेजारच्या मंडळाचे भगवे झेंडे आमच्या सज्जावरून जातात. आणि झेंडा रात्री काढायचा का तसाच ठेवायचा?

खादीवाला (नांदेड)

तिरकी काठी चालते. केशरी पट्टा काठीच्या टोकाकडं, म्हणजे भिंतीपासून लांबच्या बाजूला आला पाहिजे. काठी चार फुटांची, आणि ती तारांकडं पोचत नाही हे तारतंत्रींनी सांगितल्याप्रमाणं आधी मोजून बघा. तारा जवळ असतील तर काठी नकोच, सज्जाखालच्या भिंतीवर सपाट लावा. आडवा लावला तर केशरी वर, उभा लावला तर समोरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी. इथं पुष्कळ जण चुकतात.

झेंड्याखाली झालरीचं केशरी-हिरवं कापड येत असेल तर तिथं दीड-दोन फूट जागा मोकळी सोडा, झेंडा वेगळा दिसू द्या. काठीच्या टोकाला झेंडूचा हार किंवा फुगा बांधू नका. फडकवण्यापूर्वी घडीत पाकळ्या ठेवायला हरकत नाही, मूठभरच, आणि कोरड्या. ओल्या पाकळ्यांनी गाठ घट्ट बसते. मग सगळे वर बघत उभे आणि दोरी ओढणारा घामाघूम.

राष्ट्रध्वजाच्या बरोबरीनं किंवा त्याच्या वर दुसरा झेंडा नको. मंडळाच्या पोरांना आधीच सांगा, त्यांची दोरी त्या दिवसापुरती पाच-सहा फूट बाजूला घेतली तरी भागतं. दादा म्हणून प्रेमानं सांगितलं की ऐकतात.

रात्रीचं म्हणाल तर जुलै 2022 पासून रात्रंदिवस ठेवता येतो. पण दुकानावर ठेवू नका असंच म्हणेन. संध्याकाळी उतरवायचं राहून जातं, आठ दिवस जातात, मोकळी कड विरते, आणि फाटका झेंडा लावणं हाही अवमानच. उतरवून वाळवा. घडी घालताना केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागं दुमडा, मग दोन्ही टोकं आत घ्या, चक्र वर राहील. कोरड्या सुती पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत दमट होतो.

मांडववाला (बीड)

झालरही पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळू नका, आणि तिन्ही रंग वेगळ्या गुंडाळ्यांत ठेवा. उंदीर असतील तर वरून टांगून ठेवा, भांड्यांच्या खोक्यांत नको.