उभं राहिलं की आईला चक्कर येते, बीपीची गोळी अर्धी करावी का?

गोदाकाठ (पंचवटी): आई ७६ वर्षांची. रोज सकाळी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ, आणि टेल्मिसार्टन ४० + हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ ची एकत्र गोळी. बसून बीपी १३०/७६. पण पहाटे बाथरूमला उठली की डोळ्यांपुढे अंधारी येते. संध्याकाळी दोन्ही घोटे सुजतात. शेजारचे म्हणतात गोळ्या अर्ध्या करा. आषाढी एकादशी तोंडावर आहे, उपास ती सोडणार नाही.

सिडकोकर: बसून मोजलेल्या बीपीवरून हे कळणार नाही. पहाटे पाच मिनिटं आडवं असतानाच एकदा मोजा. मग उभं करा, शेजारी कुणीतरी थांबा, आणि १ मिनिटाने व ३ मिनिटांनी परत मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर चक्करीचं कारण बहुधा तेच. उभं असताना हात लोंबकळू देऊ नका, दंड हृदयाच्या पातळीला राहील असा आधार द्या. हात खाली असला की आकडा वाढीव येतो आणि घसरण झाकली जाते. जाड दंडाला लहान पट्टा लावला तरी बीपी जास्तच दिसतं.

औषधमात्रा (नाशिकरोड): घरातल्या सगळ्या स्ट्रिपा एका ताटात काढा. मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खालचे बारीक अक्षरातले घटक वाचा. गोळी बदलून दिली की जुनी टेल्मिसार्टन आणि नवी एकत्र गोळी, दोन्ही चालू राहतात. शिवाय गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा एसिक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी चालू आहे का? त्याने बीपी वाढतं, आणि टेल्मिसार्टन व थायझाइड (एकत्र गोळीतलं लघवीचं औषध) यांच्या जोडीला ती आली की किडनीवर ताण येतो. 'लो सोडियम' मीठही तपासा. त्यात पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टननेही ते वाढतं.

गोदाकाठ: झोपून १३४/७८. उभं राहून १ मिनिटाने १०८/७०, ३ मिनिटांनी ११०/७०. ताटात एसिक्लोफेनॅक निघाली, रोज एक घेते.

सिडकोकर: म्हणजे २६ ने उतरलं. तरी आपल्या मनाने काही बंद किंवा अर्धं करू नका. हे आकडे लिहून याच आठवड्यात फिजिशियनला दाखवा, एसिक्लोफेनॅकचंही सांगा. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, आणि किडनीचं काम कळण्यासाठी क्रिएटिनिन तपासून घ्या. थायझाइडने वयस्कर माणसांत सोडियम उतरू शकतं. मग गुंगी, तोल जाणं, विसरणं सुरू होतं आणि घरचे ते वयावर ढकलतात, याचं फार वाईट वाटतं.

घोट्यांची सूज अ‍ॅम्लोडिपिनची असू शकते. औषधाने बारीक रक्तवाहिन्या सैल होतात आणि पाणी ऊतींत झिरपतं, म्हणून लघवीची गोळी वाढवून ती फारशी उतरत नाही. डोस कमी करायचा की औषध बदलायचं, ते डॉक्टर ठरवतील. सूज एकाच पायावर असेल किंवा धाप लागत असेल तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

औषधमात्रा: एकादशीला निर्जळी नको. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल तर दिवसभर थोडं थोडं पाणी, ताक चालू ठेवा. पावसाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या तर एकत्र गोळी थांबवायची का, किती दिवस, हे आत्ताच विचारून कागदावर लिहून घ्या. आणि पहाटे उठताना पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, घोटे वर-खाली हलवायचे, मगच उभं राहायचं. बाथरूमपर्यंत रात्रीचा दिवा चालू ठेवा.