मदत हवी आहे: आईची खालची कवळी, इम्प्लांट आणि हाडांची गोळी

आई ७४ वर्षांची, आम्ही ठाण्यात राहतो. वरची कवळी छान बसते, खालची मात्र बोलताना उचलली जाते. दोनदा नवी केली, एकदा आतून अस्तर भरून घेतलं. चिकटवायची पावडर जेमतेम दुपारपर्यंत टिकते. हिरडीला फोड आला की कवळी पाण्याच्या डबीत आणि जेवायला पुन्हा वरणात कुस्करलेली पोळी. हल्ली हसतानाही तोंडाला पदर लावते.

डॉक्टर म्हणतात, खालचं हाड झिजलंय. जबड्याच्या पुढच्या भागात दोन इम्प्लांट (हाडात बसवायचे स्क्रू) घालून त्यांवर टिचबटणासारखी अडकणारी कवळी करा. स्कॅन झालाय, पुढे हाड पुरेसं आहे. मधुमेह नाही, रक्त पातळ करायची गोळी नाही.

घोडं अडलंय ते अ‍ॅलेन्ड्रोनेटवर. हाडं ठिसूळ म्हणून ४ वर्षं दर आठवड्याला घेते. या गोळीमुळे जबड्याची जखम क्वचित भरत नाही, हे माहीत आहे. दातांचे डॉक्टर हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवतात, ते परत दातांच्या!

खासगीतला खर्च झेपणार नाही. नेरूळला थेट लोकल आहे, म्हणून तिथल्या डेंटल कॉलेजचा विचार करतेय; पण गुडघ्यांमुळे फार फेऱ्या जमणार नाहीत.

ही गोळी चालू असताना कुणाच्या घरी इम्प्लांट झालेत का? गोळी थांबवली होती का, कुणाच्या सल्ल्याने? आणि कॉलेजात एकूण किती फेऱ्या पडल्या?