अँटवर्पच्या १६३५ च्या मिरवणुकीची एचिंग्ज: या कमानी खऱ्या होत्या का?

रेघोटी: सध्या चित्रकार थिओडोर व्हान थुल्डनची एचिंग्ज (तांब्याच्या प्लेटवरून छापलेली चित्रं) ऑनलाइन झूम करून बघतोय, स्पेनचा राजपुत्र फर्डिनांड स्पेनच्या ताब्यातल्या नेदरलँड्सचा नवा राज्यपाल म्हणून अँटवर्पमध्ये (आजच्या बेल्जियममध्ये) आला तेव्हा शहराने रस्त्यांवर जो सोहळा केला त्याची. प्रचंड कमानी, खांब, वर पुतळे, सगळं दगडी वाटतं. आज अँटवर्पमध्ये यातलं काही उभं आहे का? आणि उत्सवाची चित्रं म्हणावीत तर मी पाहिलेल्या बऱ्याच पानांवर गर्दीच नाही, असं का?

ताम्रपट: काहीच उभं नाही. तो सगळा लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणलेला रंगवलेला कॅनव्हास होता. डिझाइन चित्रकार रुबेन्सचं, हाताखाली शहरातले कितीतरी चित्रकार, आणि हे सगळं काही महिन्यांत उभं केलं. १७ एप्रिल १६३५ ला फर्डिनांड आला, सोहळा झाला आणि नंतर सगळं उतरवलं. म्हणूनच ही एचिंग्ज इतकी मोलाची. गर्दी नाही कारण मिरवणुकीचं पान वेगळं आहे, कमानींच्या पानांचा हेतू मांडणी नीट नोंदवणं हा होता, प्रत्येक पुतळा आणि प्रत्येक लॅटिन ओळ वाचता यावी म्हणून. हे सगळं मोठ्या पुस्तकात छापलं, पण त्याला इतकी वर्षं लागली की १६४१ मध्ये फर्डिनांड वारला तरी पुस्तक बाहेर आलं नव्हतं.

शाईचा डाग: मर्क्युरीचं पान बघितलंस का? नसेल तर आधी ते उघड, माझ्या मते अख्ख्या मालिकेतलं सगळ्यात धाडसी पान तेच. व्यापाराचा देव मर्क्युरी शहर सोडून उडून चाललाय, बाईच्या रूपातली अँटवर्प गुडघे टेकून त्याला थांब म्हणतेय, आणि शेल्ट नदीचा देव पायात बेड्या घालून झोपलाय, बाजूला खलाशी रिकामा बसलाय. स्पेनशी लढणाऱ्या डचांनी १५८५ पासून शेल्टचं तोंड अडवलं होतं, बंदर ओस पडलं होतं, व्यापार ॲमस्टरडॅमकडे गेला होता. म्हणजे नव्या राज्यपालाचं स्वागत करता करता शहराने भर रस्त्यात, त्याच्याच वाटेवर, आपलं गाऱ्हाणं मांडलं. जेनस या रोमन देवाच्या देवळाचं (त्याची दारं युद्धातच उघडी असत) पानही तसंच, युद्धाची दारं उघडलीयत आणि शांतता ती लोटून बंद करायला धडपडतेय. नुसती सजावट समजून ही पानं उलटू नका!

रेघोटी: मर्क्युरी बघितला. तो खलाशी बघून पोटात कालवलं खरंच. अजून एक विचारतो, रेषा कुठे केसासारख्या बारीक आणि कुठे एकदम काळ्या, हे एकाच प्लेटवर कसं जमतं?

ताम्रपट: तांब्याच्या प्लेटवर मेणाचा थर, त्यावर सुईने रेघा, मग ॲसिड. मेण निघालंय तिथेच तांबं खाल्लं जातं. फिक्या हव्यात त्या रेघा थोड्या वेळाने वार्निशने बंद करायच्या आणि बाकीची प्लेट परत ॲसिडमध्ये, जितका जास्त वेळ तितकी रेघ खोल आणि शाई जास्त. प्लेटवरचं छापताना उलटं उमटतं, तेव्हा कमानीवरची ती सगळी लॅटिन अक्षरं कुणीतरी तांब्यावर आरशातल्यासारखी उलटी काढलीयत, झूम करून एकेक बघ.

शाईचा डाग: आणि रुबेन्सची तैलरंगातली छोटी स्केचेस सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहेत, जेनसचं देऊळ आणि मर्क्युरी दोन्ही. त्यांचे फोटो या पानांशेजारी ठेवून बघ, एचिंगमध्ये सगळं नीट बसवलंय आणि स्केचमध्ये ब्रश नुसता धावतोय.