एमडीआर टीबीच्या (नेहमीच्या मुख्य औषधांना न जुमानणाऱ्या टीबीच्या) गोळ्या मधेच सोडणाऱ्यावर सक्ती करावी का?

धरमपेठकर: आमच्या गल्लीतल्या पोरानं चौथ्या महिन्यात गोळ्या बंद केल्या. खोकला थांबला, वजन भरलं, झालं काम! औषध फुकट, नोव्हेंबर 2024 पासून पोषणाचे महिन्याला 1000 रुपये. घरात दोन लहान लेकरं. औषधाला न जुमानणारा जंतू त्यांनी का घ्यायचा? अशांना सरळ भरती करून गोळ्या द्या.

हिंगणा_शिफ्ट: काहून सोडल्या, विचारलं का त्याले? मी अठरा महिने खाल्ल्या. त्यातल्या क्लोफाझिमिनच्या गोळीनं तोंड काळं पडलं. कंपनीत जो तो विचारे, उन्हात लय फिरते का बे? बेडाक्विलिनची गोळी जेवणासोबत घ्या म्हणतात, तरच अंगी लागते. माही शिफ्ट सकाळी सातची. तेव्हा घरी चहा-टोस्ट. अन् 1000 रुपये? एका खाड्याचे किती कटतात माहीत आहे?

धरमपेठकर: ते जुनं झालं. सप्टेंबर 2024 मध्ये सहा महिन्यांच्या बीपाल-एम कोर्सला मंजुरी मिळाली. हा पोरगा त्याच कोर्सवर होता. सहा महिनेही निघत नाहीत?

हिंगणा_शिफ्ट: त्यातही लिनेझोलिडची गोळी आहेच ना भाऊ, पायाच्या नसाले त्रास देणारी. रात्री तळपायाले चादर लागली तरी जीव जाये माहा.

आशाताई: दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. एका घरी स्ट्रिपा रिकाम्या दिसायच्या, गोळ्या मात्र माठाच्या तिवईखाली सापडल्या. सून होती, नवीन लग्न. "ताई, ओळखपत्र पिशवीत ठेवून येत जा" म्हणायची. तिला काय रागावणार! दारू पिऊन डोस चुकवणाऱ्यांचा मात्र मलाही राग येतो. पण सक्ती केली तर खोकणारा माणूस तपासायलाच येणार नाही. कोरोनात लोक कसे लपत होते, आठवा.

धरमपेठकर: लेकरांचं माझं म्हणणं कायम आहे. पण काल त्या पोराशी बोललो. म्हणे, पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. "डॉक्टरला सांगितलं का?" तर म्हणे, ते रागावतील.

हिंगणा_शिफ्ट: मग घ्या! गाडीवर बसवा अन् सोमवारीच न्या त्याले. माह्यावेळी लिनेझोलिडचा डोस अर्धा केला होता.

आशाताई: त्या दोन लेकरांनाही सोबत न्या. त्यांची तपासणी झाली का, हे धाग्यात कुणीच विचारलं नाही.